पडद्याआडची रशियन विधवा

मंडळी, अजून अंगावर काटा आहे.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, त्यामुळे आईला पुस्तकं मीच वाचून दाखवते. आज एकोणिसाव्या शतकातली लोकप्रिय रशियन कादंबरी होती, पीटर्सबर्गच्या गरीब वस्तीतली. त्यात एक विधवा खोलीचा नुसता कोपरा भाड्याने घेते. पडद्यापलीकडे अनोळखी कुटुंब.

मेथी निवडता निवडता आई थांबली. "मग ती कपडे कुठे बदलते गं?"

"आई, असलं कादंबरीत लिहीत नाहीत."

"तू वाच पुढे."

पान उलटलं. पावसात भिजून आलेली ती विधवा, पलीकडची माणसं झोपेपर्यंत ओल्या कपड्यांतच बसून होती.

"मीपण बसायचे," आई म्हणाली. "आखातात, मुसाफाला, एकाच खोलीत पडदे लावून केलेल्या पार्टिशनमध्ये राहायचो तेव्हा. घामाने चिंब, तू मांडीवर."

हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. मग त्या बर्फाच्या देशातल्या लेखकाला कोणी सांगितलं असेल?