उलटा लटकलेला सम्राट

ग्रीक आणि रोमन नाणी जमवायची असं ठरवून मी पहिलं नाणं घेतलं, आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. चांदीचं, अंगठ्याच्या नखाएवढं. त्यावर कुणा रोमन सम्राटाचा चेहरा आणि बरोबर मानेखाली एक भोक.

"गळ्यात घालायला पाडलंय. आपल्याकडे पूर्वी करायचे असं," नाणेवाला म्हणाला होता. "संग्रहात याला मान नाही, म्हणून स्वस्तात देतोय."

दिवसातून चार वेळा मी ते डबीतून काढतो. बोट त्या भोकावरच जातं. इतका समुद्र ओलांडून धड आलेलं नाणं इथे येऊन कुणी बिघडवलं, याचा राग येतो. त्यात भोक मानेखाली, म्हणजे ओवलं की सम्राटाचं खाली डोकं. निदान बघून तरी पाडायचं.

काल हे सगळं बायकोला ऐकवलं. तिने नाण्यात दोरा ओवला, गळ्यात बांधला आणि मान खाली घालून पाहिलं.

"मला तर सरळ दिसतोय," ती म्हणाली.

म्हणजे पूर्वी ज्या कुणा बाईने ते ओवून घेतलं, तिला ते लोकांना दाखवायचंच नव्हतं. काम करताना मान खाली गेली की तो चेहरा आपल्याला सरळ दिसावा, एवढंच.

समोर उभ्या असलेल्या मला सम्राट उलटाच दिसत होता.

डबी कालपासून रिकामी आहे. मी तरीही ती उघडून बघतो. नाणं परत मागायला मात्र जीभ रेटत नाही.