बरोबरबाईंची हिरवी खूण

कचेरीत त्यांना सगळे बरोबरबाई म्हणायचे, आणि त्या नावात थट्टेपेक्षा भरवसा जास्त होता. सरकार दरवर्षी शब्द देतं, की तूट अमुकच ठेवू आणि एकूण कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या साठ टक्क्यांवर जाऊ देणार नाही. तो शब्द पाळला की नाही, हे सांगणारी ही कचेरी. अहवाल छापायला जाण्याआधी त्याचं वाचन व्हायचं. मास्तर मसुद्यातला एकेक आकडा मोठ्यानं वाचायचे. ते वरिष्ठ कारकून, पण पूर्वी शाळेत शिकवलेलं असल्यानं अजून फळ्यापुढे उभे असल्यासारखे बोलायचे. समोर बाई मूळ कागदांवर बोट ठेवून बसायच्या. जुळलं की हिरव्या पेन्सिलीनं खूण करायची आणि म्हणायचं, "बरोबर." अठ्ठावीस वर्षं हेच.

गेल्या सोमवारी मात्र त्यांचं बोट एका कागदावर अडलं.

झालं असं, की यंदाच्या कागदांत त्यांना रस्ते महामंडळाच्या कर्जाचा एक हप्ता दिसला. तो सरकारनं भरला होता. महामंडळ आपलं कर्ज आपण फेडतं, म्हणून ते सरकारच्या कर्जात धरत नाहीत. पण हप्ते सरकारच भरणार असेल तर धरायचं, हा कचेरीचा पहिला नियम. बाईंनी गेल्या वर्षीची फाईल काढली. शेवटच्या पानाच्या तळाशी, भिंग लावून वाचावं एवढ्या अक्षरात, टीप क्रमांक चौदा होती: महामंडळाचे हप्ते सरकारी तिजोरीतून भरले जातील. शेजारी हिरवी खूण. अख्ख्या कचेरीत हिरवी पेन्सिल एकाच माणसाकडे होती.

बाईंनी बोटांवर हिशेब केला, मग यंत्रावर, मग पुन्हा बोटांवर. गेल्या वर्षी अहवालात कर्ज एकोणसाठ टक्के छापलं होतं. महामंडळाचं धरलं तर साडेसाठ. सरकारनं शब्द मोडला होता, आणि कचेरीनं देशाला सांगितलं होतं की पाळला.

तो दिवस त्यांना लख्ख आठवला. नवऱ्याला ऑपरेशनला आत घेतलं होतं आणि त्या कधी एकदा निघते अशा बसल्या होत्या. मास्तरांनी विचारलं होतं, तळटिपा वाचू का. बाई म्हणाल्या होत्या, राहू द्या, बरोबरच असतील. आणि चौदाच्या चौदा खुणा एका दमात मारल्या होत्या.

निवृत्तीला सात महिने उरले होते. त्यांच्या आधीच्या तपासनिसानं असाच एक आकडा चुकवला होता. त्याला तळघरातल्या दप्तरखान्यात बसवलं होतं, आणि पेन्शनची चौकशी तीन वर्षं चालली. दुपारी बाई डबा खायला बसल्या तर तोच माणूस डोळ्यांपुढे आला. तळघराच्या पायऱ्या चढून वर येणारा, उजेडात डोळे चोळणारा.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो निवृत्त बसचालक, बोलायला मोकळाढाकळा. सगळं ऐकून त्यानं एवढंच विचारलं,

"अगं, पेन्सिलच ना ती? खोडता येते की."

"अहो, काहीतरीच काय बोलता."

"मी कुठं सांगतोय खोड म्हणून. येते एवढंच म्हटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी, झाडूवाली जिना झाडत असतानाच बाई कचेरीत हजर. दार लोटलं, फाईल उघडली, खोडरबर काढलं. खूण गेली. खिडकीशी पान धरलं तर पेन्सिलीचा दाब तसाच दिसत होता, नखाला लागत होता. आता लपवायच्या गोष्टी दोन झाल्या. जिन्यावर पावलं वाजली तशी त्यांनी फाईल पदराखाली घेतली. झाडूवाली होती. तिनं विचारलं, बाई, बरं नाही का.

तिसऱ्या दिवशी वाचन होतं. अहवाल परवा संसदेत जायचा, म्हणून साहेब स्वतः दाराशी उभे. अर्थखात्यातून दोनदा फोन आला होता, लक्ष्य गाठलं असं एकदाचं छापा म्हणून. मास्तर खणखणीत वाचत होते, बाई बरोबर म्हणत होत्या. तूट, बरोबर. व्याज, बरोबर. प्रत्येक 'बरोबर'गणिक कर्जाचं वाक्य जवळ येत होतं.

"एकूण कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या एकोणसाठ पूर्णांक चार टक्के," मास्तरांनी वाचलं. "लक्ष्य सलग दुसऱ्या वर्षी गाठले."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

मास्तर थांबले.

"मास्तर, पुन्हा वाचा," साहेब म्हणाले. "बाईंचं लक्ष नव्हतं बहुतेक."

मास्तरांनी पुन्हा वाचलं, या वेळी सावकाश, मान खाली घालून. बाईंना कळलं, हे आपल्यासाठी दार उघडं ठेवलंय. एक शब्द म्हटला की घरी जाता येईल.

"लक्ष होतं साहेब," त्या म्हणाल्या. "चूक आहे. गेल्या वर्षीचंही चूक होतं. तेव्हा मी बरोबर म्हटलं होतं."

साहेबांनी दार लावून घेतलं. ओरडले नाहीत, त्यामुळे बाई जास्तच घाबरल्या. साहेबांनी एक कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, काय झालं ते लिहा, सही करा, मला वर पाठवावं लागेल. पुढचं माझ्या हातात नाही.

बाईंनी लिहिलं. खाली सही केली. साहेबांनी कागद उचलला, तेवढ्यात मास्तर खाकरले.

"साहेब, वाचन राहिलं," ते म्हणाले. "वाचन न होता इथून कागद जात नाही."

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण कागद दिला. मास्तर उभे राहिले आणि बाईंनी लिहिलेलं वाचू लागले.

"तळटिपा न वाचता खुणा मी केल्या."

"बरोबर," बाई म्हणाल्या.

"महामंडळाचं कर्ज त्यामुळे मोजणीतून सुटलं."

"बरोबर."

पुढची ओळ मास्तरांनी आधी मनात वाचली. मग चष्मा काढून पुसला, परत लावला.

"काल सकाळी ती खूण खोडण्याचा प्रयत्नही मीच केला."

साहेबांनी चमकून वर पाहिलं. ही गोष्ट बाईंनी लिहिली नसती तर कुणालाच कळली नसती. बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. ओठ हलले, आवाज फुटला नाही.

"ऐकू आलं नाही बाई," मास्तर हळूच म्हणाले. अठ्ठावीस वर्षांत ते इतक्या हळू कधी बोलले नव्हते.

"बरोबर," बाई म्हणाल्या, आणि सवयीनं हिरवी पेन्सिल शोधू लागल्या.