निवडाले बस

मावशीनं कुठल्याही पोरीला कधी "काय झालं?" असं विचारलं नाही. या प्रश्नाचा तिला तिटकारा होता. "काय झालं म्हनलं का पोरगी म्हनते, काही नाही. मंग कायले इचारायचं? तिनंई खोटं बोलायचं आन् आपुनई खोटं आयकायचं." तालुक्याच्या गावी आम्हा आदिवासी मुलींचं वसतिगृह होतं, तिथं ती स्वयंपाकीण होती. शेलूबाजारकडची. तिला नाव होतं, पण ते फक्त हजेरीपटावर. आमच्यासाठी ती नुसती मावशी.

विचारायची नाही, पण तिची नजर ताटांवर असायची. कोणी अर्धी भाकर तशीच ठेवली, कोणाची वेणी कालचीच आहे, कोणी नळावर भांडायचं सोडून गप्प रांगेत उभी आहे, हे तिला बरोबर दिसायचं. मग दुपारी शाळा सुटून आलं की स्वयंपाकघराच्या दारातून हाक यायची, "ए पोरी, निवडाले बस."

निवडायचे ते तांदूळ. आमच्या तांदळात खडे फार. आम्ही ठेकेदाराचा उद्धार करत ते वेचायचो. मी तर त्याच्या सात पिढ्या काढल्या आहेत. मावशी समोर दुसरं सूप घेऊन बसायची आणि आपलंच काहीबाही सांगायची. शेळी कशी हट्टी आहे, नणंद कशी शेळीपेक्षा हट्टी आहे. अर्ध्या तासानं पोरगी आपसूक बोलायला लागायची, तांदळाकडं बघत. मावशीही मान वर करायची नाही. "डोयात डोये घालून कोनी दुख सांगते का? ते भांडाले ठीक हाय," म्हणायची.

निवडायला बसायची माझी वेळ नववीत आली. आम्ही आंध. आमच्या जमातीचं नावच तसं आहे, त्याला आम्ही काय करणार? हायस्कूलात पहिल्याच आठवड्यात सरांनी कागदावर माझी जमात वाचली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "आंध? मग फळा दिसतो का ग तुला?" वर्ग खो खो हसला. सर स्वतःवर खूश होऊन पुन्हा हसले. त्यांचे ते तंबाखूनं पिवळे झालेले दात मला आजही आठवतात आणि आजही किळस येते. त्या दिवसापासून मी आंधळी झाले. वर्गातली पोरं वाटेत पाय आडवा घालायची आणि मी पडले की म्हणायची, "दिसलं नाही वाट्टे."

मायबाप ऊसतोडीला गेलेले. सांगणार कोणाला? दिवाळीनंतर माझं बोलणं बंद झालं, मग केस विंचरणं, मग जेवण. सकाळी उठावंसं वाटेना. पुढं पुढं जगावंसंही वाटेना. आज हे सरळ लिहिता येतं. तेव्हा त्याला माझ्याकडं शब्द नव्हता.

शब्द घेऊन माणसं आली, तीही गाडीतून. वसतिगृहात मानसिक आरोग्याचं शिबिर भरलं. भिंतीवर बॅनर लागला आणि त्यावर छापलेलं होतं, "अंध विद्यार्थिनींसाठी". कुठल्या तरी शहाण्यानं आमच्या आंध शब्दाचं शुद्धलेखन सुधारलं होतं. एका मुलीनं अधीक्षकबाईंना ते दाखवलं, तर बाई म्हणाल्या, "राहू दे, फोटोत कोण वाचतं?" त्या बॅनरखाली आम्हाला हारीनं बसवून फोटो काढले. मीही त्यात आहे. मग कागद वाटले. त्यावर प्रश्न होता, "आपणास नैराश्य आहे काय?" माझ्या मागची पोरगी कुजबुजली, "ते रक्त कमी झाल्यावर होते ते." बाई रांगेतून फिरत होत्याच, "सगळ्यांनी 'नाही' लिहा, उगाच चौकशी लागते." मीही 'नाही' असंच लिहिलं. दोन दिवसांनी कार्यालयाच्या फळ्यावर अहवाल लागला: नैराश्यग्रस्त विद्यार्थिनी, निरंक. निरंक म्हणजे एकही नाही. मी ते उभी राहून वाचलं, आणि त्या फळ्यावर थुंकावंसं वाटलं.

शिबिराच्या दिवशी पाहुणे केळी खाऊन साली खुर्चीखाली टाकून गेले होते. त्या उचलता उचलता मावशी बाईंना म्हणाली, "म्याडम, ह्या पोरीयले समदं दिसते. कोनाले दिसून नाही राह्यलं, ते सांगू का?" बाईंनी तिला भाकरी थापायला पाठवलं. जाताना ती पुटपुटली, "मले तं ओकारीच आली." आणि त्याच दुपारी मला हाक आली.

पहिल्या दिवशी मी बोलले नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी मावशी शेळी सोडून स्वतःवर आली. "आमालेई लय नावं ठेवली लोकायनं. गावात शिवून घेत नव्हते आमाले. नाव ठेवनाऱ्याचं तोंड म्हनजे नाली. बुजवता येत नाही, पन त्यातलं पानी आपुन कायले प्यायचं?" मी खडे वेचत होते. वेचता वेचता तोंडातून निघून गेलं, "मावशी, मले जगायचाच कंटाळा आला." असं बोलू नये, असं ती म्हणाली नाही. तिनं एवढंच विचारलं, "कवापासून?"

दुसऱ्या दिवशी तिनं सकाळचा स्वयंपाक मदतनीस बाईवर टाकला आणि मला एसटीनं वाशीमला सरकारी दवाखान्यात नेलं. अधीक्षकबाई ओरडल्या, तर मावशी म्हणाली, "ताप आला तं नेतो ना? मन आंबलं तं काहून नाही न्यावं?" तिथल्या डॉक्टरीणबाईंनी निवांत ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या, पुन्हा यायला सांगितलं. प्रत्येक खेपेला मावशी सोबत आली. मधे एकदा ती हायस्कूलातही जाऊन आली. सरांशी काय बोलली ते तिनं मला शेवटपर्यंत सांगितलं नाही, पण हजेरी घेताना सर पुन्हा माझ्या नावापाशी अडखळले नाहीत. मी बरी झाले. एका झटक्यात नाही, दहावी उजाडली.

मी कॉलेजात असताना वसतिगृहाची चूल बंद झाली. जेवण आता लांबून डब्यांत भरून, गाडीतून, निवून येणार होतं. ज्या दिवशी मावशीला निरोप दिला, त्या दिवशी मी भेटायला गेले. ती सूप गोणपाटात बांधत होती. मला तिनं एक पत्र्याचा डबा दिला. उघडला तर आत खडे. बारीक, पांढरे, तांदळाएवढे.

"तांदूय तं साफच ये," मावशी म्हणाली. "तुमचं बोलनं व्हायच्या आधी निवडून होऊन जाये. मंग काय करू? मीच खडे टाको मुठीनं."

"आणि आम्ही त्या ठेकेदाराला शिव्या घालत होतो."

"त्या मलेच लागल्या असतीन," ती म्हणाली.

गेल्या उन्हाळ्यात मावशी वारली. मी आता एका वसतिगृहाची अधीक्षिका आहे. शिबिरातला तो कागद अजून येतो आणि त्यात नैराश्य हाच शब्द असतो. परवा कार्यालयातून फोन आला, "म्याडम, निरंक पाठवून द्या, सगळ्यायचं निरंकच हाय." "माझं निरंक नाही. दोघी हायेत. दवाखान्यात न्यायला गाडी पाठवा," मी म्हटलं. पलीकडचा गृहस्थ म्हणाला, "तसा रकाना नाही."

त्या दोघींतली एक केनवडच्या बाजूची आहे. तीन दिवस तिनं वेणी घातली नव्हती. माझ्या खोलीत सूप ठेवून मी तिला निवडायला बसवलं आणि समोर बसून माझ्या सासूबद्दल काहीबाही सांगत राहिले. पोरगी हुशार. थोड्या वेळानं एक खडा बोटांत धरून म्हणाली, "म्याडम, हे खडे तं धुतलेले हायेत."

मी मान वर केली नाही. "निवड तू," म्हटलं.

तिनं निवडलं. बराच वेळ. मग तांदळाकडं बघतच म्हणाली, "मले काहीच नको वाटते, म्याडम."

"कवापासून?" मी विचारलं.