काठीवरचा फोन

“परत करून दाखवा.”

माझ्या माडीवर चार वर्षं राहिलेल्या भाडेकरणीचं हे आवडतं वाक्य. म्हणताना ती हाताची घडी घालायची, बिघडलेल्या वस्तूकडे हनुवटीने खूण करायची आणि गप्प उभी राहायची. मिक्सर मधूनच बंद पडतो, असं मी म्हणाले की ती मिक्सरसमोर येऊन उभी. “परत करून दाखवा, बाई.” आणि मिक्सर किती लबाड असतो ते तुम्हाला माहीत आहेच. परक्या माणसासमोर तो अगदी शहाण्यासारखा फिरतो. “चालतोय की!” असं म्हणून ती जिना चढून वर जायची आणि मी चटणीकडे बघत राहायची.

समोरच्या घरातले निवृत्त तलाठी एकदा फाटकाशी सांगत होते, की सकाळी उठताना त्यांना चक्कर आली. ती तितक्याच गंभीरपणे म्हणाली, “परत आणून दाखवा.” चार दिवस ते आमच्या घराकडे पाठ करून पेपर वाचत बसले. पाचव्या दिवशी स्वतःच आले. म्हणाले, “डाव्या कुशीवरून उठलो की येते. उजव्या कुशीवरून उठलो तर येत नाही.” ती म्हणाली, “आता डॉक्टरांना एवढंच सांगा. जास्त कायपण सांगू नका.” डॉक्टरांनी म्हणे लगेच ओळखलं. तेव्हापासून तलाठी तिला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणू लागले आणि मला मात्र ‘ती डॉक्टर आहे हे तुम्ही सांगितलं नव्हतं’ म्हणून ऐकवू लागले.

मुलांनो, ती डॉक्टर नव्हती. ती काय होती, हे समजून घ्यायला मला सहा महिने लागले. मी आयुष्यभर महाडच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे न समजलेली गोष्ट वहीत लिहून ठेवायची मला सवय आहे. त्या वहीवरून सांगते. तुम्ही फोनवर एखादं पान उघडता, तेव्हा अक्षरं कुठे, चित्र कुठे, कुठला रंग, हे सगळं मांडणारं एक यंत्र आत असतं. त्याला ब्राउझरचं इंजिन म्हणतात. ती ज्या इंजिनावर काम करायची ते कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं. जगभरातली माणसं ते मिळून बनवत, आणि त्यांची सगळी चर्चा उघड्यावर, लेखी चाले. कोण काय म्हणालं ते कुणीही वाचावं. आमच्याकडच्या गावकीच्या बैठकीसारखंच, फक्त तंबाखू नाही.

ती पोलादपूरच्या वरच्या अंगाची. आंबेनळीच्या रस्त्यावरून आत चालत गेलं की डोंगराच्या उतारावर तिची वाडी. मुंबईत शिकली, पुण्यात नोकरी केली, आणि आई एकटी म्हणून परत आली. आईला महाडला यायचं नव्हतं, कारण म्हैस. म्हैस महाडला आणणं मलाच मान्य नव्हतं. म्हणून ती इथे, आई तिथे, आणि मध्ये एसटी.

दुपारी चारला ती चहाला खाली यायची आणि चर्चेतली पत्रं मला वाचून दाखवायची. त्यात एक म्हातारा होता. कुठल्या देशातला ते कळलं नाही, पण बर्फ पडणाऱ्या. तो हिचं काम तपासायचा आणि परत पाठवायचा. एकदा तर एकच काम अकरा वेळा. तिने त्याचं नाव ‘सासरा’ ठेवलं होतं.

“आज काय म्हणतो सासरा?” मी विचारायची.

“म्हणतो, हे का केलंस ते लिही. लिहिलं तर म्हणतो, एवढं का लिहिलंस.”

तिची उत्तरं फार तुटक असत. मी सुचवायची, सुरुवातीला ‘आपला आभारी’ वगैरे घाल, शेवटी नम्रपणे दोन शब्द लिही. ती म्हणायची, “बाई, तिथं पाया पडायची रीत नाय.” तरी मी कधी कधी चष्मा लावून एखादं ‘प्लीज’ घुसवायचीच. सासऱ्याने एकदा विचारलं होतं, तुझी तब्येत बरी आहे ना?

तिचं मोठं काम आठ महिने चाललं होतं. पानावर काही बदललं की जुनं इंजिन सगळं पान पुन्हा रंगवायचं. ती म्हणाली, “भिंतीवर एक डाग पडला म्हणून कोण घर रंगवतं?” बदलला तेवढाच भाग रंगवायचा, अशी तिची नवी पद्धत. पानं लवकर उघडणार, फोनची बॅटरी टिकणार. सासऱ्याने नाक मुरडत का होईना, ते पास केलं. आता हे काम सगळ्या फोनांवर नीट गेलं, की तिला त्या लोकांच्या पंचांत जागा मिळणार होती. मग दुसऱ्यांचं काम तिने पास करायचं. ते लोक या जागेचा फार मान ठेवत. ती जागा आपल्याला हवी आहे, असं ती बोलली नाही, पण त्या आठवड्यात तिने जिन्याचे कठडे पुसले.

नवी आवृत्ती सहा आठवड्यांनी सगळ्यांना मिळायची होती. त्याआधी थोडे लोक ती वापरून बघतात. त्या थोड्या लोकांत तिने आपल्या आईचा जुना फोन घातला होता.

आणि एके दिवशी चहाच्या वेळी आईचा फोन आला. तिने तो माझ्यासमोरच स्पीकरवर घेतला.

“आगो, त्या पावसाच्या पानावर काय दिसत नाय. पांढरं फेक हाय.”

“परत करून दाखव.”

“कुणाला दाखवू? म्हशीला?”

“आये, म्हणजे परत उघड नि मला सांग.”

“पान ज्या फोनात, तो फोन कानाला. उघडू कशी नि सांगू कशी? बरी शिकलीस गो!”

मी तोंडात बिस्कीट कोंबलं. हे पावसाचं पान म्हणजे डोंगर उतारावरच्या वाड्यांसाठी दरडीचा इशारा देणारं पान. हिरवा, पिवळा, लाल असे तीन रंग. लाल दिसला की वरच्या सात घरांनी खाली शाळेत येऊन बसायचं. त्या सात घरांत चालता फोन हिच्या आईकडेच होता. बाकीच्यांचे फोन मुलांबरोबर मुंबईला.

तिने इथे तसलाच जुना फोन मिळवला. नेट मुद्दाम हळू केलं. चाळीस वेळा ते पान उघडलं. चाळीस वेळा नीट दिसलं. “माझ्याकडे होत नाय,” ती म्हणाली. “तिकडच्या रेंजचं काम असणार.” आणि विषय मिटवून टाकला. आईने पुन्हा फोन केला. हिने पुन्हा तेच सांगितलं. जी बाई तलाठ्यांच्या चक्करेला दाद देत नव्हती, ती आईला कशी देणार?

तिसऱ्यांदा फोन आला तो वळवाच्या मोठ्या पावसानंतर. आई तक्रार करत नव्हती, सहज सांगत होती. “काल दुपारी काय धो धो लागला! पान कोरं. रंग नाय म्हणजे भ्या नाय, म्हणून आमी बसलो घरात भाकऱ्या भाजत.”

फोन ठेवल्यावर तिने कालच्या तारखेचं पान काढलं. काल दुपारी पान लाल होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ती गेली. परवा येईन म्हणाली आणि त्याच संध्याकाळी परत आली. पायात चिखल, तशीच ओट्यावर बसली.

“बाई, काठी.”

“कसली काठी?”

मग तिने सांगितलं. घरात बोलण्यापुरती रेंज येते, नेट येत नाही. नेट गोठ्याच्या छपराच्या वर येतं. म्हणून आई पान उघडते, फोन दुधाच्या पिशवीत घालते, पिशवी बांबूच्या लांब काठीला बांधते आणि काठी गोठ्याला टेकवून उभी करते. मग म्हशीला पाणी पाजते. म्हशीचं पाणी पिऊन झालं, की काठी खाली. तोवर पान आलेलं असतं. गेली दोन वर्षं असंच चाललं होतं. लेकीला सांगण्यासारखं त्यात आईला काही वाटलं नव्हतं. पण पिशवीत फोन आडवा होतो, मध्येच त्याचा पडदा झोपतो, आणि रेंज येते जाते, अशा तिन्ही गोष्टी एकदम झाल्या की हिची नवी पद्धत समजायची की काहीच बदललेलं नाही, आणि पान कोरंच ठेवायची.

मी हसू लागले. तीही हसली. मग तिचं हसू थांबलं.

“आये तीनदा म्हणाली, बाई. तीनदा.”

ओट्यावरच तिने तक्रार लिहायला घेतली, स्वतःच्याच कामाविरुद्ध. गोठ्याला आणि काठीला चांगला इंग्रजी शब्द तिने मला विचारला. पायरी एक, पान उघडा. पायरी दोन, फोन दुधाच्या रिकाम्या पिशवीत घाला. पायरी तीन, काठीला बांधून छपराच्या वर न्या. पायरी चार, म्हशीचं पाणी पिऊन होईपर्यंत थांबा. मी म्हटलं, अगं, चार मिनिटं लिही. ती म्हणाली, “पहिलं आये काय करते ते लिहायचं. मिनिटं मागून.”

जगभरातून प्रश्न आले. काठी किती लांब? पिशवी आरपार दिसणारी की नाही? एकाने फार आदबीने विचारलं, म्हैस आवश्यक आहे का? दोन दिवस कुणालाच ते जमेना. तिसऱ्या दिवशी सासऱ्याने एक फोटो पाठवला. खिडकीबाहेर अजूनही बर्फ, मासे धरायचा गळ, गळाला पावाच्या पिशवीत टांगलेला फोन. फोनचा पडदा पांढरा. खाली त्याने लिहिलं होतं, ‘परत झालं.’

मला वाटलं, प्रश्न मिटला. पण खरी चर्चा तिथून सुरू झाली. बहुतेकांचं म्हणणं असं, की असं फार क्वचित घडणार. काम चांगलं आहे, सगळ्यांना फायद्याचं आहे. आवृत्ती ठरल्याप्रमाणे जाऊ दे, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू. पुढची आवृत्ती दोन महिन्यांनी. सासराही तेच म्हणाला. विशेष म्हणजे ती सगळी माणसं तिच्याच बाजूने बोलत होती, आणि ती एकटी स्वतःच्या विरुद्ध.

मीसुद्धा त्यांच्याच बाजूची झाले. सरळ सांगते, तिने पंच व्हावं असं मला फार वाटत होतं. मी म्हटलं, “आईला जुनं इंजिन परत घालून दे. म्हणजे झालं.”

“आयेला देईन. बाकीच्या काठ्यांचं काय?”

“अशा कितीशा काठ्या असणार आहेत?”

“तेच माहीत नाय, बाई. मला नाय, त्यांना नाय. आणि दोन महिने म्हणजे सगळा आषाढ-श्रावण गेला.”

मी चष्मा लावून तयार बसले होते, या पत्राला तरी माझी गरज लागेल म्हणून. तिने मला दाखवलं नाही. दोन ओळी लिहिल्या आणि पाठवल्या. मग मला वाचून दाखवल्या. ‘हे काम माझं आहे. ते काढून टाका, अशी माझी मागणी आहे.’ माझा चहा निवला होता. तिने तो उचलून पिऊन टाकला. स्वतःचा पेला तसाच भरलेला होता.

दुसऱ्या दिवशी आठ महिन्यांचं काम इंजिनातून निघालं. ती दिवसभर माडीवरून उतरली नाही. संध्याकाळी मी वरण-भात घेऊन वर गेले, तर सासऱ्याचं पत्र आलेलं. त्याने सगळ्यांना उद्देशून लिहिलं होतं, की हे काम मी पास केलं होतं, म्हणून अर्धी चूक माझी. आणि या बाईला आताच पंच करा, ती आपल्या सगळ्यांना फार त्रास देईल.

“बघा, कसा टोमणा मारतो मेला,” ती म्हणाली आणि वरण-भातावर तोंड खाली घातलं. बराच वेळ वर केलं नाही.

त्या पावसाळ्यात पान दोनदा लाल झालं. दोन्ही वेळा सात घरं, म्हैस आणि कोंबड्यांसकट खाली शाळेत जाऊन बसली. डोंगरावरून काहीही आलं नाही. मी देवापुढे साखर ठेवली. ती आईला फोनवर एवढंच विचारायची, “दिसलं ना?” आणि आई म्हणायची, “दिसलं गो, दिसलं. आता कोंबड्या कोण मोजणार?”

दिवाळीनंतर तिने खोली सोडली. पंच होऊन तेव्हा तिला दोन महिने झाले होते. मी विचारलं, इथे काय कमी आहे? नेट चांगलं, वीज चांगली, चहा चारला. ती म्हणाली, “तेच तर, बाई. इथं सगळं चालतं. इथं बसून काय उपेग?” सामान एका टेंपोत मावलं.

आता माडीवर बँकेतला एक मुलगा राहतो. नळ गळतो म्हटलं की ‘हो हो, बघू’ म्हणतो. फार सभ्य आहे.

गेल्या महिन्यात मी आणि माझी धाकटी बहीण गाडी करून महाबळेश्वरला निघालो होतो. आंबेनळीच्या एका वळणावर कठड्याशी छत्री दिसली आणि छत्रीखाली ती. मांडीवर लॅपटॉप. वाडीजवळ लॅपटॉप चालेल एवढी रेंज येते ती तिथेच. मी गाडी थांबवायला लावली, थर्मास घेऊन उतरले.

“बाई!” तिने वर न बघताच ओळखलं. “एकच मिनिट. कुठला तरी पोरगा हाय, काम चांगलंय त्याचं. नवव्यांदा परत पाठवतेय.” आणि एक बोट वर धरून ती दुसऱ्या हाताने टाइप करत राहिली.

मी कठड्यावर बसले. एक एसटी गेली. कंडक्टरने खिडकीतून काहीतरी ओरडून तिची चेष्टा केली, तिने ऐकली नाही. वीस मिनिटं झाली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, बहिणीने वाजवायला लावला असणार. मी थर्मास तिच्याजवळ ठेवला आणि गाडीत येऊन बसले.

वळण घेताना मागे पाहिलं. छत्री वाऱ्याने कलली होती, आणि तिचं बोट अजून वरच होतं.