वाळलेल्या झेंडूंच्या मागे

जनाभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात उभी होते. कारखान्यातल्या वायरींवर नावं लावायच्या पिवळ्या चिकटपट्ट्या घ्यायच्या होत्या. फोनवर आमच्या देखभाल विभागातले नासेरभाई होते. "बाई, जनाभाऊ गए. सुबह घर पे चाय पी, और कुर्सी पे ही..." दुकानदार विचारत होता, पिवळ्याच देऊ की पांढऱ्या? मी पिवळ्या म्हटलं, पट्ट्या पिशवीत नीट ठेवल्या, पिशवीची चेन लावली आणि मग दुकानाच्या पायरीवर बसले. आता काही आठवडे झालेत. रडून झालंय. हल्ली जनाभाऊ आठवले की हसू येतं, आणि ते असताना रोज हेच व्हायचं, म्हणून लिहायला बसले.

जनार्दन औताडे हे आमच्या चितेगावच्या कारखान्यातल्या आयटी विभागाचे प्रमुख. पैठणकडच्या शेतकरी घरातले, लहानपणी माळ्यावर बसून ज्वारी राखलेले. मी त्यांच्या हाताखाली कामांचं नियोजन बघायचे. माझं आडनाव कुलकर्णी, त्यामुळं त्यांना आयतंच सापडलं होतं. "तुमचं घराणं दप्तराचं, आमचं राखणीचं. तुमी लिवा, मी बगतो," म्हणायचे. आणि आमचं काम खरंच राखणीचं होतं. कारखान्यातले सर्व्हर, नेटवर्कचे डबे, यूपीएस या सगळ्यांवर एक सॉफ्टवेअर चोवीस तास नजर ठेवतं आणि काही बिघडलं की फोनवर कळवतं. काही वर्षांपूर्वी हे सॉफ्टवेअर इतकं जुनं झालं होतं की नवी आवृत्ती थेट बसेना; आधी मधली बसवायची, मग नवी. तेवढा अर्धा दिवस कारखान्यावर कुणाचीच नजर राहणार नव्हती, आणि दिवाळीआधीचा माल जायचा असल्यानं कारखाना बंद ठेवता येणार नव्हता. पुण्याच्या मुख्य कार्यालयातल्या मॅडमनी स्वच्छ कळवलं होतं, की या कामात एकदाही माल अडला तर चितेगावची आयटीची खोली बंद करून सगळं पुण्याहूनच बघू. खोलीत आम्ही चौघं होतो. घरदार उचलून पुण्याला जाणं चौघांपैकी एकालाही जमणार नव्हतं.

मी कामाला लागले. जुन्या सॉफ्टवेअरमधून सगळ्या यंत्रांची यादी काढली, रकाने आखले, शेवटचा रकाना 'बंद पडलं तर फोन कुणाला?' असा केला आणि त्यात बहुतेक ठिकाणी 'सर्व' लिहिलं. जनाभाऊंनी चष्मा कपाळावर सरकवून यादी वाचली. "हे 'सर्व' कोण हायेत? राहतात कुठं?" मी म्हटलं, सर्व म्हणजे आपण सगळे. "सगळ्यांना सांगितलं म्हंजे कुणालाच नाय सांगितलं, बाई. पंगतीचं आवतण हाये का हे? एक नाव लिवा. जो उठून जाईल त्याचं." मी खोडून नावं लिहिली. मग त्यांनी दुसरं विचारलं. "यादी जुन्या सॉफ्टवेअरमधनं काढली, व्हय ना? म्हंजे जुन्या राखणदाराला इचारून नवा राखणदार नेमायलाव. त्याला जे दिसत नव्हतं ते यालाबी दिसायचं नाय. चला, पायी फिरू." मला राग आला होता. माझ्या वेळापत्रकात पायी फिरणं नव्हतं.

दसरा नुकताच होऊन गेला होता. नासेरभाईंना बरोबर घेऊन फिरत फिरत आम्ही गेटजवळच्या वजनकाट्यावर पोचलो. केबिनमध्ये किसनमामा, आमचे जुने पहारेकरी. त्यांच्या देवाच्या फळीवर, खंडोबाच्या तसबिरीशेजारी, हिरवे दिवे लुकलुकणारा एक डबा. त्याला हळदकुंकू लावलेलं, वर वाळलेला झेंडू. "मामा, हे काय?" मी विचारलं. "काट्याचा डबा. ह्यो बंद पडला की वजन येत नाय, वजन नाय तर ट्रक हालत नाय. म्हून दसऱ्याला आधी ह्यालाच फूल." नेटवर्कचा डबा, आमच्याच खात्याचा, आणि आमच्या खात्याला त्याचा पत्ता नाही... जनाभाऊ हसत सुटले ते हसत हसत बाहेर जाऊन काट्यावरच उभे राहिले. आतून नासेरभाई ओरडले, "भाई, उतरो. ट्रक समझ के पर्ची निकल जाएगी." जनाभाऊ खाली उतरले, डोळे पुसले आणि मला म्हणाले, "बाई, यादीत नाय, पण पूजेत हाये."

तिथून आमच्या कामाची दिशाच बदलली. ज्याच्यावाचून माणसाचं अडतं त्यालाच माणूस फूल वाहतो, असं त्यांचं साधं म्हणणं. मग आम्ही अख्ख्या कारखान्यात वाळलेले झेंडू शोधत हिंडलो. पॅकिंगमध्ये लेबलं छापणाऱ्या टेबलाखाली एक म्हातारा संगणक निघाला, गळ्यात हार घालून. रंगकामाच्या शेडमध्ये कपाटावर एक डबा निघाला, त्याला तर आंब्याचं पानही होतं. नंतर झेंडू सापडला कँटीनच्या मिक्सरवर. जनाभाऊ गंभीरपणे म्हणाले, "लिवा." मी म्हटलं, मिक्सर यादीत येणार नाही. "काहून? ह्यो बंद पडला तर चहात आलं कोण घालील?" भर कँटीनमध्ये आमचं यावर भांडण झालं आणि आचारी मिक्सर दोन्ही हातांनी धरून उभा राहिला, आम्ही जप्तीच करायला आलोय असं समजून. मिक्सर घेतला नाहीच. यादीत बाकीचं सगळं आलं, प्रत्येकासमोर एक नाव आलं आणि प्रत्येकाचा जादा डबा आमच्या कपाटात तयार ठेवला.

सॉफ्टवेअर बदलायच्या दिवशी जनाभाऊंनी प्रत्येक झेंडूपाशी एक माणूस बसवला. खुर्ची, पाणी, फोन. जुनं सॉफ्टवेअर बंद केलं आणि त्या क्षणापासून ही माणसंच आमचं सॉफ्टवेअर झाली. जनाभाऊ थोड्या थोड्या वेळानं हजेरी घ्यायचे. "पॅकिंग?" "ठीक हाये." "रंगकाम?" "ठीक." "यूपीएस?" तिथं नासेरभाई. "खैरियत." दुपारपर्यंत सगळेच खैरियत म्हणायला लागले. मधली आवृत्ती बसली होती, नवी अर्ध्यावर होती, आणि किसनमामांचा फोन आला. "जनाभाऊ, डब्याचे समदे दिवे इझले. भाईर ट्रक हायेत." यादीत त्या डब्यासमोर नाव नासेरभाईंचं होतं. त्यांनी यूपीएसपाशी दुसऱ्याला बसवलं, कपाटातला नवा डबा काखेत मारला आणि स्कूटरला किक मारली. पुढच्या ट्रकचा ड्रायव्हर तंबाखू मळत होता. ती मळून व्हायच्या आत काट्यावर आकडे आले. माल अडला नाही.

संध्याकाळी नवं सॉफ्टवेअर चालू झालं आणि पडदाभर हिरवं झालं. 'ओके'च्या जागी काय लिहायचं ते नव्या सॉफ्टवेअरमध्ये आपण ठरवू शकतो, म्हणून जनाभाऊंनी तिथं 'खैरियत' लिहायला लावलं. ते आजही तसंच आहे. पुण्याच्या मॅडमचा फोन आला. हा काट्याचा डबा आमच्या यादीत कसा नव्हता, तुम्हाला कसा सापडला, अशी त्यांची विचारणा. जनाभाऊ म्हणाले, "मॅडम, दसऱ्याला तुमच्याकडं काय काय पुजतात ते आधी कळवा, मग सांगतो." खोली राहिली. आम्ही चौघंही राहिलो. त्या संध्याकाळी ते आपल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले, तुटलेल्या हाताला माझीच पिवळी पट्टी गुंडाळलेली, आणि पडद्याकडे नुसतं बघत राहिले. मी विचारलं, आता काय राहिलंय? "बगत बसायचं. राखणीत हेच काम खरं, आन् हेच कुणी शिकवत नाय."

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. शेवटची भेट क्रांती चौकात, सिग्नल बंद पडलेला, सगळ्या बाजूंनी हॉर्न. स्कूटर माझ्या शेजारी आणून हेल्मेटच्या आतून म्हणाले, "बाई, ह्याच्यासमोर नाव कुणाचं हाये, इचारा जरा..." आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले.

यंदा भंगारात काढायच्या सामानात त्यांची खुर्ची मीच लिहिली होती. हात तुटलेला, पाय वाकडा. कामाची वस्तू नव्हे. ते गेले आणि पाठोपाठ दसरा आला. सकाळी मी खोली उघडली तर खुर्चीच्या पाठीला हळदकुंकू आणि बसायच्या जागी ताजा टपोरा झेंडू. कुणी ठेवला म्हणून विचारलं तर किसनमामा खिडकीतून बाहेर बघायला लागले आणि नासेरभाई छताकडे. मी भंगाराचा कागद काढून खुर्ची खोडली. फूल आहे म्हटल्यावर यादीत घेणं आलंच. सर्व्हरच्या खाली एक ओळ वाढवली, 'खुर्ची, एक'. शेवटच्या रकान्यात, बंद पडलं तर फोन कुणाला, तिथं हात आपोआप 'सर्व' लिहून गेला. मग ते खोडलं आणि तिथं माझं नाव लिहिलं.