तीन चाव्यांचं मृत्युपत्र

तुमच्या घरात असं कोण आहे, जे रोज तुमच्यासाठी राबतं पण ज्याचं नाव घराच्या एकाही कागदावर नाही? आठवायला वेळ लागला ना? कुलूपवाल्यालाही लागला. त्याला तर एकाहत्तर वर्षं लागली.

माणूस हट्टी आणि तोंडाचा फटकळ. पण त्याच्यापुढे पाच मिनिटांच्या वर नखरे करील असं कुलूप त्या रस्त्यावर नव्हतं. गिऱ्हाईक म्हणालं, "एकच चावी करा," की हा खेकसायचा, "एका चावीचं कुलूप म्हणजे उद्याचा तुटलेला दरवाजा. तीन घ्या. एक तुम्हाला, एक घरात, एक अशा माणसाला ज्याच्याशी तुमचं भांडण नाही." निम्मी गिऱ्हाइकं तिसऱ्या चावीपाशी अडायची.

एका सकाळी त्याला एका वारलेल्या माणसाचं कपाट उघडायला बोलावलं. पुतणे जिन्यातच हमरीतुमरीवर आलेले. कपाटातून कोट निघाले, जुनी बिलं निघाली, मृत्युपत्र काही निघालं नाही. त्या माणसाचं सोळा वर्षं पथ्यपाणी केलेली त्याची बहीण दुपारी दोन पिशव्या घेऊन जिना उतरली. कुलूपवाल्याने एक पिशवी कोपऱ्यापर्यंत नेऊन दिली आणि तो दुकानात परत आला.

दुकानात ताई मशीनवर चावी कापत बसली होती. त्याची थोरली बहीण. सासर सोडून आली त्याला चौतीस वर्षं झाली, तेव्हापासून दुकानामागच्या खोलीत राहत होती. दुकान याच्या नावावर, खोली याच्या नावावर, मशीनची पावतीसुद्धा याच्याच नावावर. आपण गेलो की ताईच्या हातातही दोन पिशव्या.

"मृत्युपत्र करायचं," त्याने जाहीर केलं. "आणि वकील नको. दुसऱ्याने बसवलेल्या कुलपाच्या भरवशावर मी झोपत नाही."

मग मुलं सरसावली. थोरला परगावी, तो फोनवरून म्हणाला, "बाबा, मृत्युपत्र करून देणारी वेबसाइट असते, ऑनलाइन करा. कुठूनही उघडतं, केव्हाही बदलता येतं, कायदा बदलला तर तेच सुधारून देतात."

धाकटा वरच्या मजल्यावर राहायचा. तो म्हणाला, "त्यांचं दुकान बंद पडलं तर? मृत्युपत्राचं सॉफ्टवेअर डाउनलोड करा. एकदा घेतलं की आपलं. माझ्या लॅपटॉपवर टाकतो."

"तुझ्याच लॅपटॉपवर का म्हणे?" फोन म्हणाला.

"मग काय, तुझ्या उशाशी ठेवायचं?"

कुलूपवाला ऐकत होता. ऑनलाइन म्हणजे बँकेतलं लॉकर, डाउनलोड म्हणजे घरचं कपाट, एवढं त्याला चटकन कळलं. घरचं कपाट केव्हाही बरं. पण ते धाकट्याच्या खोलीत? त्यापेक्षा लॉकर परवडलं. त्याने ऑनलाइन निवडलं, स्वतः एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'मागची खोली ताईला, हयातभर', आणि सवयीने तीन चाव्या केल्या. चावीला बांधायच्या पत्र्याच्या बिल्ल्यांवर पासवर्ड कोरून एक थोरल्याला धाडला, एक धाकट्याला दिला, एक ताईला. स्वतःचा डोक्यात.

मंगळवारी उघडून बघतो तर 'खोली ताईला, दुसरी सोय होईपर्यंत'. त्याने दात-ओठ खात पहिल्यासारखं केलं. गुरुवारी 'खोली ताईला, गरज असल्यास'. शनिवारी ताईचं नावच गायब.

त्याने थोरल्याला फोनवर धरलं, धाकट्याला खाली बोलावलं आणि दोघांना असं झाडलं की समोरचा चष्मेवाला आपल्या दुकानाबाहेर येऊन उभा राहिला.

"मी फक्त भाषा जरा सुधारली, बाबा," थोरला म्हणाला.

"मी त्याने केलेली सुधारली," धाकटा म्हणाला. "पण आत्याचं नाव मी काढलं नाही. शपथ."

"मग काय उंदराने काढलं?"

"मी काढलं," मशीनपाशी बसलेली ताई म्हणाली. "रोज उघडून बघायचे. रोज मी थोडी थोडी कमी होत होते. म्हटलं, एकदाच काय ते होऊ दे. तूही सुटशील, पोरंही सुटतील."

"आणि तू जाणार कुठे?"

"ते जाऊ दे. मला काय हवंय ते तरी कधी विचारलंस का? मला हे मशीन हवंय. मशीन असलं तर कुठल्याही पायरीवर बसून चार चाव्या कापीन. खोलीत नुसती बसून काय करू, तुझ्या फोटोची धूळ पुसू?"

बाहेर उभा चष्मेवाला हसला, म्हणून कुलूपवाल्याने त्यालाच साक्षीदार म्हणून आत ओढलं.

मग डाउनलोडचं घेतलं. दुकानातल्या गल्ल्याशेजारच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकलं. ते सुरू व्हायला इतका वेळ लागायचा की लबाडी करणाऱ्याचा धीर आधीच सुटला असता. खोली ताईला हयातभर, मशीन ताईला कायमचं, उरलेलं मुलांना सारखं. पासवर्ड कोणालाच दिला नाही. कागद छापला, आणि ज्यांना त्यातलं काहीच मिळायचं नव्हतं त्या चष्मेवाल्याच्या आणि शेजारच्या सायकलवालीच्या डोळ्यांदेखत सही केली. त्या दोघांच्याही सह्या घेतल्या. कागद लोखंडी कपाटात गेला. कपाटाला मात्र तीन चाव्या, ताईनेच कापलेल्या: एक त्याला, एक तिला, एक चष्मेवाल्याला.

"आणि आम्हाला?" धाकट्याने विचारलं.

"तुम्हाला प्रत मिळेल. वाचायला," कुलूपवाला म्हणाला. "सुधारायला नाही."

तेव्हा तुम्ही ऑनलाइन घ्या नाहीतर डाउनलोड करा, पण कॉम्प्युटर सुरू व्हायच्या आत, त्या बिननावाच्या माणसापाशी जाऊन बसा आणि विचारा, तुला काय हवंय. आजच विचारा.