अठरावी पिशवी

डबा परत घेताना आबा तो कानाजवळ नेऊन हलवायचे. आत काही सरकलं की डबा पुन्हा आपल्या पुढ्यात. "ऱ्हायलंय अजून. खावा, मी थांबतो," असं म्हणून ते दुकानाच्या पायरीवर बूड टेकायचे. पोट भरलंय, भाजी खारट झालीय, दुपारचं जड होतं, यातली एकही सबब चालायची नाही. "भरला डबा मी माघारी न्हेत न्हाई, राव," एवढंच उत्तर. मग आपण मुकाट्यानं उरलेली अर्धी भाकरी चावायची आणि त्यांनी रस्त्याकडे बघत तंबाखू मळायची.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. नारायणगावात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तिथं यायच्या. आतली करपलेली तार काढायची, नवी भरायची, वार्निश पाजायचं आणि शेतकऱ्याच्या शिव्या ऐकत मोटार परत द्यायची. दुकान मिस्त्रीचं, मी त्याच्या हाताखाली. आम्ही दोघंही खोडदच्या बाजूचे. सकाळी सातची गाडी पकडायची तर घरात तेव्हा जेमतेम चहा झालेला असे, म्हणून डबे मागून यायचे. ते आबा आणायचे, सायकलवर.

सायकल जुनी, काळी, मागं फळ्यांचं खोकं बांधलेलं. एकूण अठरा डबे. दहा खोक्यात आणि आठ हँडलला, चार उजवीकडे आणि चार डावीकडे. ना कुणाचं नाव, ना नंबर. प्रत्येक घरच्या बाईनं डब्याला पिशवी शिवलेली असायची, ब्लाउजपीसच्या उरलेल्या कापडाची, आणि आबा कापडावरून घर ओळखायचे. माझ्या आईची पिशवी जांभळी, पांढऱ्या ठिपक्यांची. मिस्त्रीच्या बायकोची पोपटी. एकदा दोन घरच्या बायकांनी बाजारातून एकाच ताग्यातलं कापड आणलं तेव्हा आबा दोघींच्या दारात जाऊन भांडले होते. तेवढं एकच भांडण मी त्यांचं ऐकलंय.

भरल्या डब्याचं त्यांना एवढं वावडं का, हे मी एकदा विचारलं. तेव्हा कळलं, की सुरुवातीच्या वर्षात एका पठ्ठ्याला दुपारी वारुळवाडीत बारशाचं जेवण मिळालं आणि त्यानं डबा न उघडताच परत दिला. आबांनी तो तसाच त्याच्या घरी नेला. ओट्यावर म्हातारी बसलेली. तिनं डबा हातात घेतला, जड लागला, आणि काही न विचारता तिनं मोठ्यानं गळा काढला. तिच्या हिशेबी दुपारचा डबा न खाता परत येतो तो फक्त मेलेल्या माणसाचा. शेजारणी धावल्या, त्याही रडायला लागल्या. आबा सांगतायत, "आवं जित्ता हाय, जेवतोय तिकडं," पण ऐकतो कोण. दोघे जण तर सरपणाची चौकशी करून आले. संध्याकाळी तो गडी खिशात बारशाच्या घुगऱ्या घेऊन गाडीतून उतरला, तर दारात पन्नास माणूस.

"त्या दिशी ठरिवलं," आबा म्हणाले, "घरात जायचा तो रिकामाच."

म्हणजे कुणी आजारी असो, रुसलेला असो, परगावी गेलेला असो, डब्यातलं कुठंतरी संपलं पाहिजे. कधी कुत्र्याला, कधी स्टँडवरच्या भिकाऱ्याला, आणि बहुतेक वेळा आबांच्याच पोटात. गावाबाहेर चिंचेखाली सायकल लावायची, खायचं, ओढ्यावर डबा विसळायचा. यात फसवणूक आहे असं त्यांना वाटत नव्हतं. मलाही नाही वाटलं, आणि तुम्हालाही वाटलं नसतं.

मग मिस्त्रीनं डबा खायचं सोडलं.

दुकानाशेजारी एका बाईची खाणावळ होती. मिस्त्री आधी तिथं चहाला जायचा, मग जेवायला, आणि एका दिवाळीनंतर राहायलाच. घरी सांगितलं, सीझनचं काम आहे, रात्री दुकानातच झोपतो. शनिवारी रात्री घरी जायचा, पोरींच्या हातात खाऊ ठेवायचा, रविवारी संध्याकाळी परत. मला हे सगळं दिसत होतं. पण तार कशी धरायची इथपासून त्यानं मला शिकवलेलं, आणि पगारही त्याचाच. मी गप्प बसलो. आज त्याची लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती असंही नाही.

पोपटी पिशवी मात्र रोज यायची. दिवसभर खिळ्याला लटकायची. आबा परतताना ती उचलायचे, कानाशी न्यायचेसुद्धा नाहीत. मिस्त्रीला वाटायचं, म्हातारा कुत्र्याला घालत असेल. त्यानं कधी विचारलं नाही.

आबा ते जेवण रोज जेवायचे. स्वतःची भाकरी खाऊन झाल्यावर, वर हे. "दोन जेवणं झेपत न्हाईत राव ह्या वयात," असं म्हणून ढेकर द्यायचे. आणि मिस्त्रीला जेवण तिखटच लागायचं, त्यामुळे भाजी जाळ. आबांच्या छातीत जळजळ सुरू झाली. खिशात खायचा सोडा घेऊन हिंडायचे.

त्यात आपल्याच बोलण्यानं ते आणखी अडकले. मिस्त्रीची बायको रोज दारात विचारायची, "काय म्हणलं ते? आवडलं का?" काहीतरी सांगावं लागायचं. एकदा डब्यात कारलं होतं, तर त्यांनी सांगून टाकलं, "कारलं लई आवडलं म्हणलं." आबांना कारलं बघवत नसे. त्या माउलीनं मग पुढचे तीन आठवडे एक दिवसाआड कारलं धाडलं. चिंचेखाली बसून ते कारलं गिळणारे आबा डोळ्यांसमोर आले की आजही मला हसू येतं. त्या वेळी मी इतका हसलो होतो की आबाही हसले होते.

पण हसण्याचे दिवस थोडेच होते. आबांची बायको आधीच गेलेली. मुलगा भोसरीत कंपनीत लागला, खोली घेतली, नातू झाला. तो दर महिन्याला निरोप धाडायचा, या आता इकडं. आबांचे गुडघे सुजायला लागले होते. चढ आला की सायकल हातात धरून चालायचे. खोडदला मोठी रेडिओ दुर्बीण उभी राहत होती, तिच्या बांधकामावरून सुटलेला एक जण मोपेड घेऊन सगळी लाइन घ्यायला तयार होता. सांगायचं काय, सगळं जुळून आलं होतं.

"सतरा पिशव्या देतो त्याला," आबा म्हणाले. "अठरावी कशी देऊ? त्यो येळंला पोचवील, पण भरल्याली घिऊन परत जाईल. तिच्या हातात ठिवंल, सासूम्होरं. मग?"

"मी खाईन ना," मी म्हणालो. बोलून गेलो आणि घाबरलो. मिस्त्रीनं पाहिलं तर काय, हा पहिला विचार. आबांना तो माझ्या तोंडावर दिसला असावा.

"न्हाई भाऊ. तुला हितं काम करायचंय."

अशी दोन वर्षं गेली. मुलगा रागावला. निरोप धाडायचा थांबला. आबा पायरीवर बसले की गुडघ्यावरून तळहात फिरवत राहायचे आणि मोपेडवाला गल्लीतून गेला की त्याच्याकडे बघायचे. पिंजऱ्याचं दार उघडं असून बाहेर पडता येऊ नये, तसं झालं होतं त्यांचं. मला त्यांची कीव यायची आणि स्वतःचा राग. दोन्हीचा उपयोग शून्य.

शेवटी एका सोमवारी त्यांनी ठरवलं. मिस्त्रीच्या बायकोला खरं सांगून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. दुपारी पायरीवर आले तेव्हा तोंड उतरलेलं. मिस्त्री खाणावळीत होता. मी पाणी दिलं. त्यांनी पिऊन झाल्यावर सांगायला सुरुवात केली.

"तिची सासू देवळात गेल्ती ते बघून म्हणलं, पोरी, एक सांगायचंय. डब्याचं. तर मला बोलूच दिलं न्हाई तिनं. म्हणली, आबा, तुमच्या दाढा पडल्या त्येला वरीस झालं. तवापास्नं मी दशम्या धाडतीय. ह्यांना दशमी कवाच चालली न्हाई."

दुधात पीठ मळून केलेली दशमी मऊ राहते, दात नसलेल्या माणसालाही तोडता येते. आबांच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. भाजीचं तिखटही कमी झालं होतं, आणि त्यांना वाटलं होतं सोडा लागू पडला.

"मग म्हणलं, डबा भरती कशापायी? तर म्हणली, सासू ओट्यावर बसून बघती. डबा जायचा थांबला की इचारंल, नवऱ्याला जेवाय घालीत न्हाईस तर हितं तुझं काय काम? दोन पोरी घिऊन भावजयीच्या दारात किती दिस बसू? डबा जातोय तवर मी ह्या घरात हाय."

आबांनी गुडघ्यावरून तळहात फिरवला.

"मग तिनंच म्हणलं, तुमाला जायाचं तर जावा आबा. माझं बघंन मी. न्हाई म्हणली असती ना, भाऊ, तर गेलो असतो. जावा म्हणली."

ते भोसरीला गेले नाहीत. त्यानंतर त्यांनी तो विषयही काढला नाही. चिंचेखाली बसून जेवत राहिले, दारात "आवडलं म्हणलं" असं सांगत राहिले, आणि ती "बरं" म्हणत राहिली. दोघांनाही ठाऊक होतं, आणि तिची सासू ओट्यावरून ऐकत होती. असं आणखी साडेतीन-चार वर्षं चाललं. मोबाईल आले, आमच्या गल्लीतला निम्मा बाजार दुचाकीवर फिरायला लागला, आबा सायकल हातात धरून चढ चढत राहिले.

एका उन्हाळ्यात, मंगळवारी, बारा वाजले, साडेबारा झाले, तरी आबा आले नाहीत. दोनच्या सुमाराला मोपेडवाला आला. खांद्यावर, पायाशी, सगळीकडे पिशव्या. म्हणाला, "म्हातारा सकाळी उठलाच न्हाई. झोपेतच ग्येला. बायांनी डबे भरून ओट्यावर ठिवल्यालं, तवा गावात कळलं. म्हणलं, पोचवून यिऊ."

मी माझी पिशवी घेतली. पोपटी त्यानं खिळ्याला लावली. मी हातातली तार तशीच धरून बसलो.

त्या दिवशी खाणावळ बंद होती, बाई कुठं पाहुण्यांकडे गेलेली. मिस्त्री सकाळपासून उपाशी. आबांचं ऐकून तो "अरेरे" म्हणाला, हात धुतले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं ती पिशवी स्वतः खाली काढली. डबा उघडला. तीन दशम्या, मुगाची पातळ आमटी, मऊ शिजवलेला दुधी. एक घास घेतला. चावता चावता थांबला. आमटीत बोट बुडवून चाटलं.

"हे माझ्यासाठी केल्यालं न्हाई," तो म्हणाला.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. त्याला काय काय समजलं मला माहीत नाही, पण दुसरा घास त्यानं घेतला नाही. डबा तसाच उघडा ठेवून तो दुकानाच्या मागच्या बाजूला गेला.

बाकीचे डबे वाटून, रिकामे गोळा करून परतलेला मोपेडवाला दारातून म्हणाला, "दादा, आटपा. मला उशीर व्हतोय. ह्यो तसाच न्हेऊ का?"

"थांबा," मी म्हणालो. मी डबा माझ्याकडे ओढला आणि खाली बसलो. सकाळी कुणीतरी दूध घालून, सावकाश मळून, आबांसाठी केलेल्या त्या दशम्या मी एकेक करून खाल्ल्या. मिस्त्री मागून येऊन उभा राहिला. त्याला ऐकू जाईल अशा बेतानं मी मोपेडवाल्याला म्हणालो, "घरी विचारलं तर सांगा, आवडलं म्हणून."